उलटा वाटतोय

गेल्या गुरुवारी रात्री पुण्यात सिंहगड रस्त्यावर सिग्नलला थांबलो होतो. शेजारच्या स्कूटरवरचं पोरगं वाकलं, माझ्या काचेवर टकटक केलं आणि म्हणालं, "काका, लाइट लावा की!"

लाइट लागलेले होते.

काच खाली करून मी तसं सांगितलंही. त्यावर त्याने स्कूटर दोन फूट पुढे घेतली, मान वाकडी करून माझ्या गाडीच्या थोबाडाकडे पाहिलं आणि मागे बसलेल्या मुलीला म्हणाला, "अगं, खरंच लागलेत!" दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पहिल्यांदा दिसल्यावर माणूस ज्या सुरात बोलेल, तो सूर होता. सिग्नल सुटला, ती दोघं हसत निघून गेली. 'काका' मी पचवलं. 'खरंच' अजून घशात आहे.

गाडी २०१० सालची. पंधरा वर्षं झाली म्हणून गेल्या वर्षी फेरनोंदणी केली, पर्यावरण कर मुकाट्याने भरला, म्हणजे कागदोपत्री ती अजून पाच वर्षं ठणठणीत आहे. हेडलाइटना मात्र हे कोणी कळवलेलं नव्हतं. त्यांच्या काचा (काचा म्हणायच्या, असतं पॉलिकार्बोनेट) उन्हाने पिवळ्या पडून मोतीबिंदू झाल्यासारख्या दिसत होत्या. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर दोन्ही बाजूंच्या अख्ख्या असेंब्लीचा असा आकडा सांगितला, की दिवे विकत घ्यायचे आणि त्यांच्यावर गाडी फुकट मिळाली असं समजायचं. म्हटलं, घरीच करू. चार स्क्रू, दोन बल्ब, त्यात काय एवढं!

आमच्या घरात 'त्यात काय एवढं' या वाक्याने सुरू झालेली गेल्या वीस वर्षांतली सगळी कामं शेवटी पैसे देऊन दुसऱ्याकडून पुरी करून घेतलेली आहेत.

शनिवारी टूथपेस्टचा प्रयोग केला. पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, तिने वरचा खराब थर निघतो, हे खरं आहे. पण हात दुखेपर्यंत घासावं लागतं आणि मूळचा ऊन अडवणारा लेपही त्याबरोबर जातो, त्यामुळे काही महिन्यांनी काचा पुन्हा पिवळ्या. असो. अर्धी ट्यूब संपली, गाडीला लवंगेचा वास यायला लागला, आणि रविवारी सकाळी मुलाने दात न घासण्याचं कारण म्हणून माझंच नाव पुढे केलं.

शनिवारीच संध्याकाळी गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेत गेलो होतो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "साठ-पंचावन्न की शंभर-नव्वद?" मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा: लांबच्या झोताची (अप्परची) तार साठची, जवळच्या झोताची (डिप्परची) पंचावन्नची. शंभरचा लावला तर एकेका बल्बला आठ अँपिअरच्या वर करंट लागतो, आणि गाडीची वायर, बल्बला ती जोडणारा कपलर, स्टिअरिंगजवळचा स्विच हे सगळं पाचच्या हिशोबाने केलेलं. आधी कपलर वितळतो, मग वास येतो. मी साठ-पंचावन्न म्हटल्यावर त्याने एलईडीचा डबा समोर सरकवला. "हे घ्या. सहा हजार केल्व्हिन. पांढराशुभ्र. समोरचा बाजूलाच होतो."

समोरचा बाजूला होतो! हे वाक्य त्याने गुण म्हणून सांगितलं. इथे माझं डोकं फिरलं, आणि ते का फिरलं हे सांगायला थोडं आडवळण घ्यावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही ताम्हिणी घाटातून परत येत होतो. धुकं, पाऊस, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी असल्याची नुसती बातमी. वळणावरून समोर एक भली मोठी गाडी आली. तिचे दिवे दिवे नव्हतेच, दंतवैद्याच्या खुर्चीवरचा झोत होता. मी डिप्पर मारला. पुन्हा मारला. तो ढिम्म. पाच-सहा सेकंद मला रस्ता, दरी, बायको, काहीही दिसत नव्हतं. बायकोचा फक्त आवाज येत होता. आपल्याकडे दुभाजकात कण्हेर लावतात ती नुसती शोभेसाठी नाही, पलीकडून येणाऱ्यांचा झोत अडावा म्हणून. घाटात दुभाजक कुठला आणि कण्हेर कुठली! साध्या बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी कोंबला की उजेड तारेच्या नेमक्या जागेवरून निघत नाही, तो दाही दिशांना फाकतो. लावणाऱ्याला वाटतं, वा, काय पडतोय! पडतोय कुठे? माझ्या डोळ्यांत. बरं, अशा माणसाला थांबवून सांगायला जावं, तर तो आपल्याला 'काका' म्हणतो.

तर मी दुकानदाराला बाणेदारपणे म्हटलं, "लोकांना आंधळं करायचं नाहीये मला." त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि साठ-पंचावन्नची जोडी व रिलेचं वायरिंग किट काढून दिलं. हे माझं वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतोय.

किटची गंमत अशी, की जुन्या गाडीत बल्बपेक्षा वायर जास्त गुन्हेगार असते. बॅटरीतला करंट डॅशबोर्डकडे जातो, स्विचमधून फिरतो, मग परत पुढे येतो. सरकारी फाइलसारखं वाटेत प्रत्येक जोडावर त्याचं व्होल्टेज थोडं थोडं खाल्लं जातं. भाच्याचा मल्टिमीटर आणून मोजलं होतं: बॅटरीवर १२.२ व्होल्ट, बल्बच्या कपलरपाशी १०.८. आणि हॅलोजनचं, म्हणजे या साध्या बल्बचं, असं आहे, की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. रिले लावला की स्विच फक्त हुकूम देतो, माल थेट बॅटरीतून येतो.

रविवारी दहा वाजता बॉनेट उघडलं. दहा वाजून दोन मिनिटांनी बी विंगमधले काका आले.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. बँकेतून निवृत्त. स्वतः कधीही चारचाकी घेतली नाही, चालवली नाही, आणि त्यामुळे तिच्याबद्दलची त्यांची मतं अनुभवाने मलिन झालेली नाहीत. पार्किंगमध्ये कोणाचंही बॉनेट उघडलं की ते त्यांना तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं. एका हातात नवा रिचार्जेबल टॉर्च होता. दुसऱ्या हातात अर्धा बटाटेवडा.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही काका, बल्ब बदलतोय."

"कुठला? बघू." वडा तोंडात गेला आणि मोकळा झालेला हात पुढे आला. मी 'काचेला हात...' म्हणेपर्यंत नवा बल्ब त्यांच्या चिमटीत होता, बरोबर काचेवर. हॅलोजनच्या काचेला बोटाचं तेल लागलं, की पेटल्यावर तेवढाच भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. साध्या बोटाची ही कथा. इथे बेसन आणि लसणाची चटणी होती. मी वर जाऊन करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली शोधून आणली आणि बल्ब पुसला. तो पुसत असताना काकांनी पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं.

"उलटा वाटतोय रे."

"काका, अजून लावला नाहीये. हातात आहे."

"तेच म्हणतोय. हातात उलटा धरलायस."

डावीकडच्या हेडलाइटच्या मागे हात जायला जागा आहे. उजवीकडे बॅटरी आहे, आणि बॅटरी व बल्ब यांच्यामध्ये जी फट आहे तिच्यात कंपनीने बहुधा एखाद्या तान्ह्या मेकॅनिकचा हात मापून घेतला असावा. त्या फटीत मनगट वाकवायचं, बल्बमागचं रबरी टोपण, म्हणजे बूट, काढायचा, तारेची क्लिप दाबायची, जुना बल्ब ओढायचा. सगळं आंधळी कोशिंबीर. म्हणून मी काकांना म्हटलं, "टॉर्च जरा आत धरता का?"

इथे माझी चूक झाली. काकांची एक सवय आहे. ते ज्याच्याशी बोलतात, त्याच्याकडे बघतात. ज्याच्याकडे बघतात, त्याच्याकडे टॉर्च वळतो. आणि ते सतत बोलतात.

"आमच्या बँकेत एक गाडी होती," काका म्हणाले. झोत माझ्या डोळ्यांवर.

"काका, खाली."

"हो हो." झोत खाली. "तर तिचा ड्रायव्हर होता..." झोत डोळ्यांवर.

"काका!"

"अरे, धरलाय की!"

ताम्हिणीतला तो माणूस निदान पाच-सहा सेकंदांत निघून गेला होता.

मग रिले निघाला. त्याच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीवरून बल्बकडे, पंच्याऐंशी आणि शहाऐंशी आतल्या कॉइलचे. मी तोंडाने पुटपुटत जोडत होतो. काका म्हणाले, "सत्त्याऐंशी कुठे जाते?"

"बल्बला."

"आणि शहाऐंशी?"

"स्विचकडून येते."

"मग पंच्याऐंशी?"

"ती अर्थ. बॉडीला."

काका बसथांब्यावर उभे असल्यासारखे विचारात पडले. "म्हणजे स्वारगेटला कुठलीच नाही."

ते विनोद करत होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या तासाभरात 'उलटा वाटतोय' सात वेळा झालं. रिलेला झालं, कपलरला झालं, बॅटरीच्या क्लॅम्पला झालं, पान्याला झालं. एकदा माझ्या टी-शर्टला झालं. मी वैतागून खाली बघितलं, तर शिवण बाहेर होती. ते मी मोजत नाही. मधल्या वेळात उंदरांवर एक व्याख्यान झालं. पार्किंगमधले उंदीर गाड्यांच्या वायरी कशा कुरतडतात, बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवावीत की डांबरगोळ्या, ए विंगमधल्या एका गाडीत उंदराने एअर फिल्टरमध्ये कसा संसार थाटला होता. वीस मिनिटं. झोत पूर्ण वेळ माझ्या डोळ्यांवर.

सातव्यांदा त्यांनी ते वाक्य म्हटलं, तेव्हा माझं मनगट उजवीकडच्या फटीत होतं आणि बल्ब बसता बसत नव्हता. या बल्बच्या तळाच्या चकतीला तीन कान असतात. एक रुंद, तो वर यायला हवा, आणि दोन अरुंद. मला फक्त बोटाला लागत होतं तेवढंच कळत होतं.

"उलटा वाटतोय रे."

"काका," मी म्हटलं, आणि आवाज जरा चढलाच, "हा उलटा बसतच नाही. रचनाच तशी असते. कृपा करून तुम्ही जरा गप्प बसता का?"

काका गप्प बसले. टॉर्च बंद केला. "बरं," म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. मी जोर लावला, बल्ब कसाबसा बसला, क्लिप अडकली, बूट चढवला. त्यांच्या पाठमोऱ्या चालण्यामुळे मला जरा वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर उजेड किती बरा वाटत होता! म्हणजे अंधार.

संध्याकाळी दिवे लावले आणि समोरची भिंत लख्ख उजळली. घरच्यांना खाली बोलावलं. "काय दिवे लावलेस!" हा विनोद बायकोने, मुलाने आणि आईने वेगवेगळ्या वेळी, आपल्यालाच प्रथम सुचला अशा समजुतीने केला. तिन्ही वेळा मी हसलो. त्या दिवशी मी उदार होतो.

रात्री मुद्दाम सिंहगड रस्त्याला चक्कर मारली. ते पोरगं भेटलं असतं तर बरं, असंही मनात होतं. धायरी फाट्याच्या अलीकडे समोरून येणाऱ्या रिक्षाने डिप्पर मारला. मला वाटलं, कौतुक असेल. मग एका टेम्पोने मारला. मग बसने. मी बघितलं, अप्पर चालू नव्हता. लिव्हर वर-खाली करून पाहिली. डिप्परच होता. एका दुचाकीवाल्याने डोळ्यांवर आडवा हात धरला आणि जाता जाता माझ्या घराण्याविषयी एक विधान केलं. उजव्या दिव्याचा उजेड समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. फांद्यांत झोपलेले कावळे दिसत होते. काय सुरेख दिसत होते!

या बल्बमध्ये डिप्परच्या तारेखाली एक बारीकशी पत्र्याची वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. बल्ब फिरला, की वाटी फिरते, आणि रस्त्यावरचा उजेड आभाळात जातो. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. म्हणजे मी तो ताम्हिणीतला माणूस झालो होतो, साठ-पंचावन्नमध्ये, दुकानदाराला बाणेदार उत्तर देऊन.

रचनाच तशी असते, हे खरंच आहे. उलटा बसत नाही. बसवावा लागतो, जोर लावून.

आता माझ्यापुढे दोन मार्ग होते. सकाळी उजेडात बॉनेट उघडायचं, किंवा आत्ताच. सकाळी उघडलं असतं तर दोन मिनिटांत काका खाली आले असते. मी गाडी पार्किंगच्या टोकाच्या खांबामागे लावली, रात्री सव्वाअकराला बॉनेट अगदी हळू, कडी वाजू न देता वर केलं, मोबाइल दातांत धरला आणि मनगट फटीत घातलं. बूट निघाला. क्लिप निघाली. रुंद कान बोटाला लागला. तो खाली होता.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून झोत आला. थेट डोळ्यांवर.

"कोण आहे रे? तू आहेस का? काय झालं, बल्ब उलटा..."

"नाही काका," मी दातांतला मोबाइल काढून घाईघाईने म्हटलं, "उंदीर. उंदीर शिरलाय बहुतेक."

गॅलरीत क्षणभर शांतता. मग चपला शोधल्याचा आवाज.

"हात लावू नकोस कशाला! थांब, टॉर्च घेऊन आलोच."