कागदालाच तर भोक पाडायचंय!

पुन्हा तेच. लेकीच्या एअर रायफलच्या पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छऱ्यांचा, डबा संपत आला की घरात सभा भरते. "सरावाला स्वस्तातले घे, मॅचला भारीतले." म्हणजे बाहेर घालायची साडी वेगळी आणि घरातला गाऊन वेगळा, तसं! स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्य आणल्यापासून तर आमच्या सोसायटीत जो तो नेमबाजीतला तज्ज्ञ.

अहो, दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. पेलेट साडेचार मिलिमीटरचं. त्यात ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे व्यास. कुठला आपल्या बॅरलला मानवतो ते रायफल शिकंज्यात पकडून, पाच-पाच मारून बघावं लागतं. परवा स्वस्तातला डबा पेपरवर ओतला, तर कित्येकांच्या मागच्या घेरांना पोचे आणि बोटं शिशानं काळीकुट्ट. तीच घेऊन लेक बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर गेली. आता दहाऐवजी ९.६ पडला तो तिचा ट्रिगर चुकला म्हणून, की पोचा होता म्हणून? सर तरी काय सांगणार, कपाळ! दोन तास तिनं न केलेली चूक सुधारण्यात गेले.

बरं, मॅचचे घ्यायचे तर आपल्याला जमलेली बॅच नेमकी संपलेली. दुकानदार म्हणतो, "सगळे सारखेच असतात हो." सारखेच असतात, तर या डब्याला दुप्पट पैसे कशाचे घेतोस रे बाबा?

आणि वर सासरेबुवा, पेपरातून मान न काढता : "कागदालाच तर भोक पाडायचंय."