ऊन, रंग आणि बाबांचा उजवा हात

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर सनस्क्रीनवरून जुंपली. मावशी म्हणे पोरीला उन्हात पाठवू नका, काळी पडेल. आतेभाऊ म्हणे हे सगळं कंपन्यांचं खूळ, आपल्या आज्या जन्मभर शेतात राबल्या, त्यांनी कुठे काय फासलं होतं. मला वाचून वाईट वाटलं, तब्येतीचं कोणीच बोलेना.

मी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहते. इथे उन्हाचा विषय निघाला की लोक कॅन्सरचं बोलतात. 1981 पासून 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम चालू आहे, म्हणजे शर्ट चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला. मुलाच्या शाळेत टोपी विसरली की मधल्या सुट्टीत सावलीतच बसायचं. शेजारचे आजोबा तरुणपणी कायम बीचवर असायचे, आता मानेची कातडी चामड्यासारखी झालीये आणि एका कानाची वरची कड कापून काढलीये. इथे तिघांतल्या दोघांना सत्तरीच्या आत कधीतरी स्किन कॅन्सर निघतो.

पण म्हणून इथले नियम जसेच्या तसे तिकडे न्या असं मी म्हणणार नाही. आपल्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे तिला गडद रंग देणारं द्रव्य, बरंच ऊन अडवतं, आणि 2024 मध्ये इथल्याच तज्ज्ञांनी सांगितलं की गडद रंगाच्या लोकांना रोज सनस्क्रीन लावायची गरज नाही, बराच वेळ उन्हात राहणार असाल तर मात्र काळजी घ्या. ड जीवनसत्त्वासाठी आपल्याला ऊन लागतंही जास्त.

आता हे बराच वेळ उन्हात कोण असतं? माझे बाबा एसटीवर ड्रायव्हर होते. त्यांचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, सुरकुत्या, काळे चट्टे, सगळं खिडकीच्या बाजूला. उन्हातले यूव्हीए (एक प्रकारचे अतिनील) किरण खोलवर जाऊन कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, मोडतात, साध्या काचेतूनही आत येतात. बाबांना कोणी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला एवढंही सांगितलं नाही. ऊसतोड कामगार, ट्रॅफिक पोलीस, यांच्याबद्दल ग्रुपवर एक ओळ नाही, आणि पोरीच्या रंगावर शंभर मेसेज!

आणखी एक, आपल्यासारख्यांना मेलानोमा, म्हणजे स्किन कॅन्सरचा एक घातक प्रकार, क्वचित होतो पण झाला तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, तिथे उन्हाचा संबंधच नसतो, त्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही आणि उशीर होतो. मावशीला फोन करून विचारलं, काकांच्या टाचेवरचा तो काळा डाग वाढत होता ना, डॉक्टरला दाखवला का? म्हणाली, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर नाही मावशी, याच आठवड्यात.