वरातीमागून घोडं? कोकण रेल्वेच्या सिमेंटचा हिशोब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण तिच्यात मुद्दे आहेत. म्हणून खाली दोन ओळींत न आटपता इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी म्हटलं होतं की रेल्वेला ‘हरित’ म्हणताना इंजिनाची वीज किंवा डिझेल तेवढंच धरून चालणार नाही. मार्ग बांधताना गेलेलं सिमेंट, पोलाद, खडी आणि पुढची सगळी देखभालही हिशोबात यायला हवी. त्यावर तुमचे आक्षेप तीन. पहिला, १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचं सिमेंट आता मोजणं म्हणजे वरातीमागून घोडं. दुसरा, महामार्गाच्या काँक्रीटबद्दल मी चकार शब्द काढला नाही, म्हणजे हे लेखन ट्रकवाल्यांच्या पथ्यावर पडणारं. तिसरा, ही जीवनचक्र मूल्यमापनाची (बांधणीपासून देखभालीपर्यंत सगळा भार मोजायची) पद्धतच लवचीक. मार्गाचं आयुष्य साठ वर्षं धरा की शंभर, हवं ते उत्तर काढता येतं, आणि बोगद्यामुळे आटलेली गावची विहीर तिच्यात कुठेच दिसत नाही.

दुसरा आधी घेतो, तो लवकर मिटेल. महामार्गालाही हाच नियम लावायचा, यात वाद नाही. २००९ साली चेस्टर आणि होर्वाथ या बर्कलीच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या वाहतुकीचा असा सर्वंकष हिशोब केला. त्यांना दिसलं की गाडी चालवण्यापुरत्या ऊर्जेवर आणि उत्सर्जनावर बांधणी, देखभाल, इंधनाची साखळी वगैरेंची भर रस्त्यासाठी ६३ टक्के, विमानासाठी ३१ टक्के आणि रेल्वेसाठी तब्बल १५५ टक्के पडते. रेल्वेविरोधक हा १५५ मोठ्या उत्साहाने फडकावतात. पण टक्केवारी कशाची आहे ते पाहा. रेल्वे चालवायला मुळात इतकं कमी लागतं की त्याच्या तुलनेत बांधणी अवाढव्य दिसते. विमान उडवायलाच इतकं जळतं की विमानतळ त्यात लपून जातो. म्हणजे १५५ हा आकडा रेल्वेची बदनामी करत नाही. रेल्वेत सुधारणा करायची तर नजर कुठे ठेवायची एवढंच तो सांगतो. आपल्याकडे तर हे आणखी लागू होणार, कारण कोळशाच्या विजेचा वाटा जसजसा घटेल तसतसा गाडी चालवण्याचा भार उतरेल आणि मागे उरेल तो सिमेंट-पोलादाचा. २०३० पर्यंत ‘निव्वळ शून्य’ गाठायचं भारतीय रेल्वेचं उद्दिष्ट आहे. ते शून्य गाड्या, स्थानकं, कारखाने चालवण्याचं आहे. नव्या मार्गांचं सिमेंट त्या शून्याच्या बाहेरच राहतं.

आता वरात आणि घोडं. कोकण रेल्वे १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाला पूर्ण झाली हे उद्घाटनाच्या पाटीपुरतं खरं. त्यानंतर ती थांबलीच कुठे? २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कटिंगमधले (डोंगर कापून केलेल्या वाटेतले) दगड रुळांवर आले, गाडी घसरली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच पावसाळ्यात महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्यानंतर कटिंगचे उभे उतार मागे घेणं, जाळ्या लावणं, सिमेंट फवारणं, भिंती बांधणं हे सत्र वर्षानुवर्षं चाललं. पेडण्याच्या बोगद्यात २०२० साली भिंतीचा भाग कोसळला, २०२४ च्या जुलैत तिथेच पाणी शिरून वाहतूक बंद पडली. रोहा-वीर दुपदरीकरण २०२१ मध्ये झालं, २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं. याला मी बांधकामच म्हणतो. जीवनचक्राच्या हिशोबात यासाठी वेगळा टप्पा असतो आणि आपल्याकडच्या पावसात, जांभ्या दगडाच्या मातीत तो टप्पा युरोपातल्या तक्त्यांपेक्षा फुगणार हे उघड आहे. सुरुवातीला उतार उभा ठेवून वाचवलेली खोदाई नंतर वीस वर्षं जाळ्यांच्या आणि काँक्रीटच्या रूपात फेडावी लागते. शिवाय पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, म्हणजे मार्गाची क्षमताही तेवढी घटते.

‘सिमेंट सिमेंट करता, पण ते किती?’ असंही तुम्ही विचारलंय. ढोबळ गणित करू. आजचा प्रमाण रूळ मीटरला ६० किलोचा. एकेरी मार्गाच्या एका किलोमीटरला १२० टन. भारतात टनभर पोलादामागे अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला तर झाले ३०० टन. रुळांखालचे काँक्रीट स्लीपर किलोमीटरला १६६०, प्रत्येक पाव टनाहून जड. त्यांचे साधारण शंभरेक टन. खडी वजनाने सगळ्यात भारी, हजारो टन, पण दगड फोडायला आणि वाहायला लागतं तेवढंच. कार्बनच्या वहीत ती कोपऱ्यात बसते. म्हणजे भराव, पूल, बोगदे सोडून नुसत्या रूळमार्गाचे किलोमीटरमागे ४०० टन.

हे ४०० टन कधी फिटतात? भरलेला ट्रक किलोमीटरला साधारण ०.८ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरा. त्या किलोमीटरवरून पाच लाख ट्रक उचलले की हिशोब बरोबरीत येतो. गाडीची स्वतःची वीज तूर्त बाजूला ठेवू. आता रो-रो घ्या. १९९९ पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक चाकांसकट वॅगनवर चढवून नेते, कौतुकाची गोष्ट आहे. दिवसाला शंभर ट्रक गेले तर पाच लाखांना जवळपास चौदा वर्षं लागतात. तेच पाच लाख ट्रकांमधलं, प्रत्येकी दहा टन धरलेलं सामान साध्या मालगाडीने नेलं, गाडीमागे साडेतीन हजार टन, दिवसाला दोन गाड्या, तर दोन वर्षांत फिटलं. रूळ तेच, स्लीपर तेच. फरक पडतो तो रुळांवरून काय आणि किती जातं याने. मागच्या लेखात मला हेच सांगायचं होतं: बांधणीचा आकडा एकटा वाचला तर काहीच कळत नाही, तो कशाने भागायचा हा खरा प्रश्न आहे.

आणि काय बांधलं हाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बहुतेक मार्ग खांबांवर आहे. ४० मीटरचा एक अखंड गर्डर (खांबांवर बसणारी तुळई) ९७० टनांचा. किलोमीटरला २५, म्हणजे २४ हजार टनांहून जास्त काँक्रीट, तेही खांब आणि खालचे पाये न धरता. उच्च प्रतीच्या काँक्रीटचा अंदाज लावला तर नुसत्या गर्डरचे साडेतीन हजार टन कार्बन डायऑक्साइड होतात. जमिनीवरच्या दुहेरी रूळमार्गाचे आठशे. उन्नत मार्गाने जमीन कमी लागते, गुरांना-माणसांना खालून जाता येतं, हे फायदे खरेच आहेत. पण ‘रेल्वे म्हणजे रेल्वे, तिच्यात काय मोजायचं’ हे तुमचं वाक्य इथे टिकत नाही. शिवाय सिमेंटचा धूर नुसता इंधनाचा नसतो. चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी) मिसळलेलं सिमेंट किंवा भाजलेली माती मिसळलेलं सिमेंट निविदेत लिहिणं हे झाडं लावण्याच्या कार्यक्रमापेक्षा मोठं काम आहे. (झाडं लावू नका असं म्हणत नाही. फोटोही काढा.)

तिसऱ्या आक्षेपाशी मी निम्मा सहमत आहे. आयुष्याची वर्षं बदलली की उत्तर बदलतं, हे खरं. स्वीडनने बोथनियाच्या आखाताकाठची १९० किलोमीटरची एकेरी लाइन २०१० साली सुरू केली. तीही किनाऱ्याच्या अंगाने जाणारी, तिच्यातही बोगदे-पूल भरपूर. त्या लाइनची पर्यावरणीय घोषणापत्रं त्यांनी प्रसिद्ध केली आणि हिशोब ६० वर्षांचा धरला. शंभर धरले असते तर वर्षाला पडणारा बोगद्याचा भार आणखी हलका दिसला असता. पण रुळांना हे लागू होत नाही. रूळ वर्षांनी म्हातारा होत नाही, त्यावरून गेलेल्या वजनाने होतो. आपल्याकडे ६० किलोच्या रुळाचं आयुष्य सुमारे ८० कोटी टन वाहतूक धरतात. कोकणात खारी हवा आणि वळणं ते आणखी खातात. म्हणजे गाड्या वाढवल्या तर बोगद्याचा भार प्रत्येक गाडीमागे कमी होतो, रुळाचा होत नाही. हे दोन भाग वेगळे मांडून दाखवले की वर्षांशी खेळून उत्तर फिरवणं अवघड जातं. पद्धत लवचीक आहे म्हणून ती टाकून द्यायची नाही, गृहीतकं उघडी मागायची.

विहिरीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे आणि मी कुठेही वेगळं म्हटलेलं नाही. या हिशोबाला हवामान कळतं, पोलाद कळतं; अमुक डोंगरातला झरा कळत नाही. गोव्यात मांडवी-झुआरीकाठच्या खाजन जमिनींवरून (खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतांवरून) नव्वदच्या दशकात एवढं मोठं आंदोलन झालं, ते कुठल्याच टन-किलोमीटरमध्ये (एक टन माल एक किलोमीटर नेणं, या मापात) मावलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे ही पद्धत कधीकधी उलट बक्षीस देते. कुळे ते कॅसलरॉक दुपदरीकरण आठवा. त्यात कोकण रेल्वेचा संबंध नाही, तो दक्षिण-पश्चिम रेल्वेचा घाट. भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या त्या कामाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. विरोधकांचा मुख्य आरोप होता की दुसरा रूळ मुरगाव बंदरातला कोळसा कर्नाटकात न्यायला हवाय. आता दर टन-किलोमीटरचा हिशोब करा: कोळसा जितका जास्त, तितका भागाकार छान! मालगाडीत काय आहे हे तो विचारतच नाही. म्हणून स्थानिक परिणामांचा अभ्यास वेगळा आणि सक्तीचाच हवा. आपल्याकडे २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीतच, त्यामुळे ही खिडकी जवळजवळ बंद आहे. तुमचा राग तिकडे वळवलात तर मी तुमच्या मागे उभा आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग कोकण रेल्वेचं दुपदरीकरण व्हावं की नाही, एका शब्दात सांगा.’ एका शब्दात नाही जमणार. या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत, एकूण लांबी ८० किलोमीटरच्या पुढे, आणि ते एकेरी मार्गापुरतेच खोदलेले. दुसरा रूळ टाकायचा म्हणजे रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदाही शेजारी नव्याने खणायचा. रोहा-वीरसारख्या सोप्या भागात दुसरा रूळ हवाच. मधल्या डोंगराळ भागात आधी कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे इथे केली तशी क्रॉसिंग स्थानकं (समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देता येते ती) वाढवावीत: दीड-दोन किलोमीटरचा जादा रूळ, थोडी सिग्नल यंत्रणा, आणि गाड्यांचं ताटकळणं घटतं. एवढ्यावर किती गाड्या वाढतात ते आधी पाहावं. मग उरलेल्या टप्प्यांसाठी, बोगदा कातळातला आहे की पेडण्यासारख्या भुसभुशीत मातीतला, अस्तराला किती काँक्रीट लागेल, हे टप्प्याटप्प्याने मांडावं. सिमेंट-पोलादाचं परिमाण प्रत्येक निविदेच्या तक्त्यात लिहिलेलंच असतं, ठेकेदाराचं बिल त्यावरच निघतं. त्याची बेरीज करून प्रकल्प अहवालात एक पान जोडायला नवा कायदाही लागत नाही.