बीपीए फ्री डब्याच्या मेसेजबद्दल खुलासा

ग्रुपवर फिरतंय ना, की डब्यावर 'बीपीए फ्री' लिहिलेलं असलं की त्यात प्लास्टिक मऊ करणारं केमिकल नाही, डोळे झाकून विकत घ्या, तर तसं अजिबात नाहीये. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए हे केमिकल मऊ करायला वापरतच नाहीत, ते पॉलिकार्बोनेटसारखं कडक प्लास्टिक बनवायचा कच्चा माल आहे, पाण्याचे जाड निळसर जार बघा. मऊ करणारी केमिकल्स, म्हणजे थॅलेट्स, वेगळी, ती मुख्यतः पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकमध्ये घालतात, म्हणजे रेनकोट, टेबलावरचं गुळगुळीत कव्हर, लवचिक पाइप, काही ग्लोव्ह्ज. ती प्लास्टिकला पक्की चिकटलेली नसतात म्हणून सुटतात, आणि तेलातुपात जास्त.

आता त्रिकोणात ५ लिहिलेला पॉलिप्रॉपिलीनचा साधा डबा, तो बनवायला बीपीए लागत नाही आणि मऊ करणारंही काही लागत नाही, त्यामुळे त्यावर 'बीपीए फ्री' छापून जास्त पैसे घेणं म्हणजे निव्वळ मार्केटिंग! बघायचंच तर त्रिकोणातला ३ बघा, तो पीव्हीसीचा.

आणि धोका फक्त डब्यातूनच येतो असंही नाही हं, २०११ला तैवानमध्ये ज्यूस-स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये पेय दाट दिसावं म्हणून घालायच्या पाम तेलाऐवजी, स्वस्त पडतं म्हणून डीईएचपी हे थॅलेटच मिसळलेलं सापडलं होतं, तिथे बाटली कुठली होती याने काय फरक पडणार होता?