वाट बंद नको, माणसे मोजा

कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला की बोलणे फिरून जंगलावरच येते. तो दर जुलैला पन्हाळगड ते पावनखिंड चालत जातो. राधानगरीच्या जंगलात गाडीतून येणाऱ्याचे स्वागत होते आणि पायी हिंडू पाहणाऱ्याकडे संशयाने बघतात, ही त्याची तक्रार. तर आमच्या दाजींचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की माणूस गेला की मागून घाण आलीच, तेव्हा सगळ्या वाटा बंद करून टाका. हा वाद काही आमच्या एकट्या घरातला नाही. गेली 14 वर्षे कॅलिफोर्नियात राहून, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या वाटा तुडवून माझे मत असे झाले आहे की वाट बंद करू नये, वाटेवरची माणसे मोजावीत.

योसेमिटीचा 90 टक्क्यांहून अधिक भाग 1984 पासून कायद्याने निखळ रान म्हणून राखलेला आहे. तिथे मोटारीला मज्जाव. जायचे ते पायी, नाहीतर घोड्या-खेचरावरून. म्हणजे जिथे संरक्षण सर्वांत कडक, तिथे चालणाऱ्यालाच वाव आहे. मात्र रानात मुक्काम करायचा तर परवाना लागतो, आणि रोज किती जणांनी निघावे हा आकडा साऱ्या उद्यानासाठी एकच नसून प्रत्येक वाटेच्या तोंडाशी वेगळा ठरलेला असतो. त्यामुळे गर्दी पांगते आणि एकाच तळ्याकाठी तंबूंची जत्रा भरत नाही. हाफ डोम या सुळक्यावरच्या पोलादी दोरांच्या चढाला दिवसाला जास्तीत जास्त 300 जणांना सोडतात. सोडतीत माझे नाव दोनदा आले नाही. वाईट वाटले, पण अन्याय झाला असे वाटले नाही, कारण नियम सर्वांना सारखा होता.

पहिल्या मुक्कामाचा परवाना घेताना खिडकीपलीकडच्या रेंजर बाईंनी अस्वलाला उघडता येणार नाही असा खाण्याचा डबा बरोबर आहे ना, हे पाहिले आणि मग शौचाला कुठे जाणार, असे विचारले. मी गप्प राहिलो, तेव्हा त्यांनीच सांगितले: पाण्यापासून आणि वाटेपासून किमान 100 फूट दूर, 6 इंच खोल खड्डा करायचा आणि वापरलेला कागद न पुरता पिशवीत घालून परत आणायचा. मला फार संकोचल्यासारखे झाले. पुढच्या तीन दिवसांत वाटेवर चॉकलेटचे एक वेष्टनही दिसले नाही, तेव्हा त्या प्रश्नाची किंमत कळली.

त्यानंतर एका जुलैत भाच्याबरोबर मसाई पठार ओलांडले. चिखलात रुतलेले पातळ प्लास्टिकचे रेनकोट, जांभ्याच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यावर तरंगणारी वेफर्सची पाकिटे, आणि त्याच खळग्यांच्या कडेला पावसापुरती जगणारी बोटभर उंचीची फुले. 1660 मधल्या त्या रात्रीची आठवण पायांनी जागवायला लोक भर पावसात निघतात, याचा मला अभिमान आहे, आणि त्यांना कोणी अडवू नये. पण सगळ्यांनी त्याच दोन-तीन शनिवार-रविवारी का निघावे? पन्हाळ्यावरून निघतानाच नावनोंदणी झाली, रोजचा आकडा ठरला आणि बरोबर नेलेले प्लास्टिक पावनखिंडीत मोजून परत घेतले, तर तीच माणसे पावसाळाभर विभागली जातील. हे आपल्याकडे जमणार नाही, असे दाजी म्हणतात. कास पठारावर फुलांच्या हंगामात शुल्क आणि रोजची मर्यादा लावलेली आहेच की.

योसेमिटीची एक गोष्ट मात्र आपण मुळीच घेऊ नये. ते रान निर्मनुष्य नव्हते, ते निर्मनुष्य केले गेले. 1851 मध्ये सशस्त्र तुकडी खोऱ्यात शिरली आणि तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावले गेले. त्यांची खोऱ्यातली शेवटची वस्ती 1969 मध्ये मोडली. हेच लोक ठरावीक काळाने गवत जाळून कुरणे मोकळी ठेवत आणि ओकची झाडे जपत, हे पुढे अभ्यासकांनी मान्य केले. जंगल राखण्यासाठी चांदोलीतून उठवलेल्या गावांचे दुःख आपल्याला माहीत आहे. दाजीपूर-राधानगरीचे 351 चौरस किलोमीटरचे अभयारण्य गव्यांसाठी राखले गेले, ते योग्यच झाले. पण त्या रानाच्या वाटा ज्यांच्या गुराढोरांनी आणि पायांनी पाडल्या, ते धनगर आणि वाडीकर नियम ठरवताना समोर नसतील, तर तो नियम फाटकापुरताच राहील.

त्या जुलैत ज्या वाडीत आम्ही ओल्या कपड्यांनी एका घराच्या सोप्यात रात्र काढली, तिथल्या मावशी पहाटे उठून अंगणात पडलेल्या आमच्यासारख्यांच्या बाटल्या वेचून पोत्यात भरत होत्या. वाटेचा आकडा ठरवायच्या बैठकीला सर्वांत आधी त्यांना बोलावले पाहिजे आणि शुल्काचे पैसे त्यांच्या वाडीत पोहोचले पाहिजेत.