आ करा बरं!

नागपुरात, सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरील एका औषधांच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, एका सर्वस्वी अनोळखी गृहस्थाने मला ‘आ’ करायला लावले आणि मीही तो निमूटपणे केला, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. त्या आधी दातांच्या डॉक्टर बाईंनी माझ्या मागे सरकलेल्या हिरड्या आरशात दाखवून, ‘तुम्ही दात घासता की कढईचा तळ?’ असे विचारले होते. मऊ केसांचा ब्रश घ्या, जमल्यास विजेवर चालणारा घ्या, जास्त जोर दिला की त्यातले काही स्वतःच लाल दिवा लावून थांबवतात, असेही त्यांनी सांगितले होते. एवढ्या भांडवलावर मी काउंटरशी उभा होतो.

विक्रेत्या मुलाने दोन खोकी पुढे केली. एकातल्या ब्रशाचे टोक गोल फिरणारे होते आणि दुसऱ्यातले, खोक्यावरील मजकुरानुसार, मिनिटाला ३१,००० वेळा थरथरणारे होते. मिनिटाला ३१,००० वेळा काहीही करण्याची आमच्या घराण्यात कोणाला सवय नसल्यामुळे मी साध्या ब्रशांच्या रांगेकडे नजर वळवली, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

‘दात घासाले बॅटरी कायले पायजे भाऊ? उद्या जेवाले मोटर लावसान काय?’

बोलणाऱ्याच्या तळहातांमध्ये खर्ऱ्याची पन्नी होती आणि ती तो बोलता बोलता एकसारखी घोटत होता. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून होणारा आमच्या नागपूरचा खर्रा त्या बंदीला अद्याप भेटलेला दिसत नाही. आधीचा ऐवज गालात असल्यामुळे गृहस्थ हनुवटी वर करून, छताला उद्देशून बोलत होते. त्यांचे वडील कडुनिंबाच्या काडीने दात घासत आणि ऐंशी वर्षांचे होऊन गेले तरी त्यांचा एक दात हलला नव्हता, हे त्यांनी छताला सांगितले. ‘आणि आपण स्वतः?’ असे मी विचारले, तेव्हा, ‘आपलं काय, बोटानं मंजन. तुमचे दाखवा बरं. आ करा,’ असे म्हणून त्यांनी मोबाइलचा दिवा लावला.

मी आ केला. का केला, हे मला सांगता येणार नाही. दिवा दिसला की तोंड उघडायचे, हे वळण डॉक्टर बाईंनीच लावले असावे. गृहस्थांनी मान तिरपी केली, चुन्याने पांढरे झालेले बोट माझ्या ओठापासून वीतभर अंतरावर आणले आणि निदान केले, ‘डाव्या बाजूले काळं दिसून राहिलं. कीड असन.’ विक्रेता मुलगा काउंटरवरून वाकला. सर्दीचे औषध घ्यायला आलेल्या एक बाई पिशवी सावरत जवळ आल्या आणि लवंगेचे तेल लावा म्हणाल्या. ते काळे म्हणजे फार पूर्वी भरलेली चांदी होती, परंतु आ केलेल्या माणसाला ‘भरलेली चांदी’ म्हणता येत नाही. माझ्या तोंडून निघालेला आवाज सर्वांनी दुखण्याचा समजला.

विजेचा ब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी तयार केला, तो मुख्यतः ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशा रुग्णांसाठी. आता तो आमच्यासारख्यांना विकला जातो, ज्यांचे फक्त तोंड चालते. त्याचा उपयोग नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात, तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर साध्या ब्रशाच्या तुलनेत दातांवरील थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. हे आकडे मी त्या गृहस्थांना ऐकवलेही. ते हसले, आणि हसताना त्यांचे तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढेच उघडले.

सुपारीने गालाची आतली बाजू ताठर होत जाते आणि जबडा हळूहळू मिटत येतो, हे या शहरात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. एकदा मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या डेंटल कॉलेजात दाखवून या, असे मी चिडूनच म्हणालो, कारण ज्याला स्वतःला आ करता येत नाही त्याने मला आ करायला लावले होते. ते शांतपणे म्हणाले, ‘गेलतो ना. ते खर्रा सोडा म्हणतेत.’ आणि मग मुलाला, ‘याइले साधाच दे.’

मुलाने मला न विचारता दोन्ही खोकी मागे ओढून घेतली! तत्क्षणी मी त्यातले महागडे खोके परत पुढे ओढले आणि पैसे मोजले. पैसे मोजून झाल्यावर मला कळले की दर तीन महिन्यांनी याचे डोके बदलायचे असते, एका डोक्याच्या किमतीत साध्या ब्रशांची वर्षभराची सोय होते, एका कंपनीचे डोके दुसऱ्या कंपनीच्या दांड्यावर बसत नाही, आणि ‘काकाजी, ते ऑनलाइन मागवा, आपल्याकडे राहत नाही.’ ही निव्वळ लूट आहे आणि तिच्याविरुद्ध खर्रेवाल्या गृहस्थांनी चकार शब्द काढला नाही, हे नोंदवून ठेवतो.

ब्रश चांगला आहे. दोन मिनिटे मोजतो, दर तीस सेकंदांनी जागा बदलायला सांगतो, जोर दिला की डोळे वटारतो. परंतु आमच्या न्हाणीघरात गिझरचा जाडा सॉकेट तेवढा आहे, त्यात याची बारीक पिन बसत नाही, म्हणून तो बैठकीत टीव्हीशेजारी उभा राहून चार्ज होतो. येणारा प्रत्येक पाहुणा तो उचलतो, बटण दाबतो आणि किंमत विचारतो. काल शेजारचे काका तर केसांवरून अंगठा फिरवून, ‘मऊ आहे जी,’ असा दाखला देऊन गेले.