फिशटँकमध्ये बर्फ टाकण्याबाबत खुलासा
मे महिन्याच्या उकाड्यात फिशटँकमध्ये बर्फाचे खडे टाकले की मासे वाचतात, असा जो संदेश मुंबईतील सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत आहे, तो दिशाभूल करणारा आहे. गप्पी, एंजल अशा उष्ण प्रदेशातील माशांना साधारण 24 ते 28 अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी 30 अंशांवर गेल्यापेक्षा काही मिनिटांत झपाट्याने थंड झालेले त्यांना अधिक बाधू शकते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की आधी एअर पंप पूर्ण वेगाने चालू करावा, टाकीचा दिवा बंद करावा आणि झाकणाऐवजी जाळी ठेवून (मासे उड्या मारतात!) पाण्यावर छोटा पंखा लावावा. आपल्या दमट हवेत त्याने तापमान थोडेच उतरते, पण सावकाश उतरते.